मानधन कोण कुणाला देणार?

पत्र: माझं वय २३. चार वर्षं हौशी नाटकांत कामं केली, बहुतेक अभिनयाची. एका नाटकाची प्रकाशयोजना सांभाळली. आता दोन ‘पेड मेंटॉरशिप’ समोर आहेत. एक व्यावसायिक नाट्यसंस्था मला सहा महिने, आठवड्याचे चार दिवस, स्टेज मॅनेजरच्या हाताखाली घ्यायला तयार आहे. दरमहा मानधन आहे, या काळात दोन नवी नाटकं उभी राहणार आहेत, आणि दीड पानाचा करार त्यांनी पाठवलाय. दुसरी संधी एका नामवंत दिग्दर्शकांकडे तीन महिन्यांची. तिथे फी मी भरायची, ‘प्रक्रिया जवळून पाहायला’ मिळणार आणि शेवटी प्रमाणपत्र. मला पुढे अभिनय किंवा दिग्दर्शन करायचंय. पडद्यामागे गेल्यास तिथेच अडकून पडेन का? करारात काय बघू? आणि सहा महिने संपल्यावर काम मिळावं म्हणून आत्तापासून काय करू?

उत्तर:

दोन्हीकडे शब्द एकच वापरलाय, पण पैसे उलट्या दिशांनी वाहतायत. जिथे फी तुम्ही भरता तो वर्ग झाला. वर्ग चांगलाही असू शकतो, त्यात कमीपणा नाही. पण तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता, आणि गिऱ्हाइकाच्या हाती चालू नाटकाची नाडी कुणी देत नाही. तुम्हाला हवाय तो व्यावसायिक अनुभव, म्हणजे कुणीतरी तुमच्यावर अवलंबून आहे असं काम. कोणतीही मेंटॉरशिप तपासताना एक प्रश्न विचारा: मी एक दिवस आजारी पडलो, तर त्या दिवशी कुणाचं काम अडेल? ‘कुणाचंच नाही’ असं उत्तर येत असेल, तर तुम्ही प्रेक्षकच आहात, फक्त खुर्ची जरा पुढची.

म्हणून पहिली संधी घ्या. मात्र करार आहे तसा सही करू नका.

करार बघण्याआधी हिशेब मांडा. आठवड्याला चार दिवस, दिवसाला पाच तास असं धरलं तर २६ आठवड्यांचे ५२० तास होतात. नवं नाटक उभं राहताना असं कधीच होत नाही. साधे २० आठवडे २० तासांचे धरा, ते ४०० तास. प्रत्येक नाटकाच्या आधी तांत्रिक तालमी, रंगीत तालीम आणि शुभारंभ मिळून दोन आठवडे जातात आणि त्यांत आठवड्याला ५५ तास सहज भरतात; दोन नाटकांचे असे चार आठवडे, म्हणजे २२०. उरलेले दोन आठवडे प्रयोगांचे आणि प्रवासाचे, ४० तासांचे धरा: ८०. बेरीज ७००. कागदावरच्या आकड्यापेक्षा १८० तास जास्त, म्हणजे ठरलेल्या वेळेचे नऊ आठवडे फुकट. सहा महिन्यांच्या एकूण मानधनातून आधी प्रवास, लांबलेल्या दिवशीचं जेवण, काळे कपडे आणि बूट एवढा खर्च वजा करा, मग उरलेल्या रकमेला ७००ने भागा. येईल तो तुमचा तासाचा दर. तुमच्याकडच्या कायद्यातल्या किमान वेतनाशी तो ताडून बघा. फार खाली असेल तर दोन मागण्या रास्त आहेत: ठरलेल्या तासांवरच्या वेळेचे पैसे वेगळे, किंवा तांत्रिक आठवड्यांनंतर तेवढी भरपाईची सुटी. संस्था यातलं एक बहुधा मान्य करते, कारण हिशेब तिच्याही समोर कुणी मांडलेला नसतो.

रकमेइतकीच ती कधी मिळते यालाही किंमत आहे. ‘प्रकल्प पूर्ण झाल्यावर एकरकमी’ असं लिहिलेलं असेल तर ते बदलून घ्या. नाटक तिसऱ्या महिन्यात बंद पडणं ही या धंद्यातली अजिबात विरळा गोष्ट नाही, आणि बंद पडलेला प्रकल्प ‘पूर्ण’ होत नाही. दरमहा, ठराविक तारखेला, आणि मधेच नाटक थांबलं तर तोवरच्या दिवसांचे पैसे अधिक एक महिन्याचं मानधन, असं वाक्य घालून घ्या. प्रयोग सुरू झाल्यावर मासिक मानधनाखेरीज प्रयोगाची नाइट (दर प्रयोगामागचे पैसे) मिळणार की तीही त्यातच धरलीय, हेही आधीच विचारा. नंतर विचारलं की तो वाद होतो.

आता करारातलं बाकीचं. दीड पानाच्या करारात सहसा संस्थेचे हक्क एक पानभर असतात आणि मार्गदर्शनाबद्दल एकच ओळ: ‘योग्य ते मार्गदर्शन केलं जाईल.’ या ओळीला काही अर्थ नाही. मेंटॉर कोण, त्या व्यक्तीचं नाव हवं. ती दौऱ्यावर किंवा रजेवर गेली तर तिच्या जागी कोण, तेही हवं. आणि तालमीव्यतिरिक्त, फक्त तुमच्यासाठी, आठवड्याला ठरलेली ४५ मिनिटं हवीत. तालमीत सगळे घाईत असतात. तिथे जे हाती लागतं ते वरकमाई समजा. ही ४५ मिनिटं लेखी नसतील तर दुसऱ्याच आठवड्यात ती गायब होतात. त्यात वाईट हेतू नसतो. तालीम लांबते, इतकंच.

श्रेयाचा शब्द नेमका ठरवा. ‘विशेष साहाय्य’ आणि ‘साहाय्यक स्टेज मॅनेजर’ यांत पुढच्या कामाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं आभाराच्या यादीत जातं, दुसरं श्रेयनामावलीत. शिवाय ते कुठे छापलं जाणार (माहितीपत्रक, जाहिरात, समाजमाध्यमं) ते लिहून घ्या. तुम्ही तालमीत एखादी ध्वनिफीत तयार केली, गाण्याची चाल सुचवली किंवा प्रवेश लिहून दिला, तर त्याचा हक्क कुणाचा हेही. बऱ्याच करारांत ‘मेंटॉरशिपच्या काळात निर्माण झालेलं सर्व काही संस्थेचं’ असं वाक्य असतं. ते ‘या नाटकासाठी केलेलं’ इतकं आवळून घ्या, नाहीतर घरी बसून लिहिलेली तुमची एकांकिकाही त्या वाक्यात सापडते.

दोन कामांच्या दिवसांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती आणि आठवड्याला एक पूर्ण सुटी. रात्री उशिरा सुटल्यावर परतीची सोय कुणाची. सेट लावताना दुखापत झाली तर खर्च कुणाचा, विमा आहे का. दोन्ही बाजूंनी किती दिवसांची पूर्वसूचना. इथवर सरळ आहे. एक कलम मात्र लोक संकोचाने विचारत नाहीत: तक्रार कुणाकडे करायची? ती व्यक्ती मेंटॉर असता कामा नये. ज्याच्या हाती तुमचं शिफारसपत्र आहे त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्याकडेच करायची, ही सोय नव्हे, सापळा आहे. संस्थेतल्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव हवं. मेंटॉरची भेट तालमीच्या जागी किंवा कचेरीत, दिवसाउजेडी. रात्री घरी ‘संहितेवर बोलू’ अशी बोलावणी नाकारली तर चालतात, आणि ती नाकारल्यामुळे काम काढून घेतलं जात असेल तर तक्रार त्या दुसऱ्या नावाकडे, लेखी करायची.

आता तुमची खरी धास्ती: अडकून पडण्याची. अभिनेत्याला स्वतःची भूमिका दिसते. दिग्दर्शकाला नाटक दिसतं, पण शुभारंभानंतर तोही बहुधा निघून जातो. पन्नासाव्या प्रयोगाला संपूर्ण नाटक मिनिटामिनिटाने कुणाच्या हातात असतं, तर स्टेज मॅनेजरच्या. दिग्दर्शनाची याहून चांगली शाळा आम्हाला ठाऊक नाही. फक्त ती शाळा बाहेरून कारकुनीसारखी दिसते, म्हणून जरा जवळून दाखवतो.

प्रॉम्प्ट कॉपी घ्या, म्हणजे ज्या वहीवरून प्रयोग चालवतात ती वही. संहिता एका बाजूला छापायची, कड्यांच्या फाइलीत लावायची, आणि प्रत्येक छापील पानासमोर एक कोरं पान. लिहायचं फक्त पेन्सिलने. शाईने लिहिणारा साहाय्यक पहिल्याच आठवड्यात ओळखू येतो, त्याची वही खाडाखोडीने काळी झालेली असते. कोऱ्या पानावर हालचाली क्रमांकाने लिहायच्या आणि तोच क्रमांक संहितेत ज्या शब्दावर पाऊल उचललं त्या शब्दाच्या डोक्यावर टाकायचा. ओळीच्या शेवटी टाकला तर उपयोग नाही. डावं-उजवं नेहमी नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. नवखा माणूस प्रेक्षकांत बसून लिहितो आणि त्याच्या वहीत अर्धं नाटक आरशात दिसावं तसं उलटं होतं.

समासात क्यू, म्हणजे दिवे किंवा आवाज बदलायच्या जागा. इथेही रेघ थेट त्या शब्दापर्यंत किंवा कृतीपर्यंत ओढायची. क्यूच्या अर्धं पान आधी ‘तयार’ची खूण: ‘लाइट २३, साउंड ११, तयार.’ समोरून ‘तयार’ असं उत्तर आलं की मग ठरल्या जागी ‘लाइट २३… गो.’ हेडसेटवर ‘गो’ हा शब्द दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. ‘तो विंगेत गो झाला का?’ असं कुणी सहज म्हणालं आणि ऑपरेटरचं बोट पडलं, तर दुःखाच्या प्रसंगी सभागृहाचे दिवे लागतात. तांत्रिक तालमीत २३ आणि २४ यांच्या मधे नवा क्यू आला तर तो २३.५ होतो. पुढचे सगळे क्रमांक बदलायचे नाहीत, कारण लाइट बोर्डवर ते त्याच क्रमांकांनी साठवलेले असतात आणि तुमच्या वहीत एक, बोर्डवर दुसरं, असा घोळ प्रयोगातच कळतो.

आता बघा यात दिग्दर्शन कुठे आहे. समजा, नट खुर्चीतून उठतो, दाराशी जातो, दार बंद होतं आणि त्याच क्षणी पूर्ण अंधार हवा. दिवे मावळायला ६ सेकंद लावलेत. खुर्ची ते दार बंद होणं याला ४ सेकंद लागतात. म्हणजे ‘गो’ तो उठण्याच्या २ सेकंद आधी द्यायला हवा, त्याच्या शेवटच्या वाक्यातल्या एखाद्या शब्दावर. तो शब्द शोधायचा म्हणजे वाक्याची लय, नटाच्या श्वासाची जागा, दिग्दर्शकाला त्या अंधारातून काय म्हणायचंय, हे सगळं आलं. उद्या त्या भूमिकेत रिप्लेसमेंट आली, नव्या नटाची पावलं मोठी असली आणि तो ३ सेकंदांत दार गाठू लागला, तर क्यूचा शब्द आणखी एक सेकंद आधीचा घ्यावा लागतो. ज्याला हे आपोआप जाणवू लागलं तो दिग्दर्शक व्हायला लागलाच.

प्रॉम्प्टिंगही तसंच. नट थांबलाय ते विसरला म्हणून की विराम घेतोय म्हणून, हे ओळखणं म्हणजे अभिनय समजणं. तालमीत ठरलेला प्रत्येक विराम वहीत एका ठरावीक खुणेने नोंदवा, म्हणजे तुम्ही त्यात शब्द घुसवणार नाही. हातातली संहिता सुटल्याच्या पहिल्या दिवसांत नट ‘ओळ’ म्हणाला की तत्काळ, सपाट आवाजात, पहिले तीन-चार शब्द द्यायचे. भावनेने द्यायचे नाहीत. तो तुमचा आघात उचलतो आणि मग तो सुटता सुटत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. नेपथ्यकाराचा आराखडा बहुधा १:२५ प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात २५. तालमीच्या जागेत तो टेपने जमिनीवर उतरवायचं काम साहाय्यकाकडे येतं. हॉलच्या भिंतीपासून मापं घेऊ नका. भिंती कधीच काटकोनात नसतात. आधी मधली रेघ आखा, तिला काटकोनात पुढची रेघ, आणि काटकोन ३-४-५ने पडताळा: एका रेघेवर ३ मीटर, दुसरीवर ४, तर तिरकं अंतर बरोबर ५ भरलं पाहिजे. मग पुढच्या रेघेवर मध्यापासून दोन्हीकडे ४-४ मीटरवर दोन खुणा पक्क्या करा. आराखड्यावर या दोन्ही खुणांपासून सेटच्या प्रत्येक कोपऱ्याचं अंतर मोजा. समजा एकापासून २०.८ सेंटिमीटर, दुसऱ्यापासून १४.४. जमिनीवर ते ५.२० आणि ३.६० मीटर. दोन लांब टेपा दोन खुणांवर धरल्या, तिसऱ्या माणसाने त्या जिथे छेदतात तिथे तुकडा चिकटवला की कोपरा सापडला. प्रत्येक प्रवेशाचा रंग वेगळा. दाराच्या जागी रेघ तोडायची आणि दार कुठल्या बाजूला, किती उघडतं तो कमानीसारखा भाग ठिपक्यांनी दाखवायचा. जिन्याची प्रत्येक पायरी स्वतंत्र.

हॉल रंगमंचापेक्षा लहान असला की सर्वांत मोठी चूक होते: सगळा सेट थोडा थोडा आवळून बसवतात. असं करू नका. मापं खरीच ठेवा आणि जो भाग मावत नाही तो एका बाजूला सरळ तोडा, नटांना सांगा की हा कोपरा भिंतीपलीकडे आहे. आवळलेल्या सेटवर तीन आठवडे तालीम झाली की नटांच्या पायांना चुकीची अंतरं पाठ होतात. खऱ्या सेटवर सोफ्यापर्यंत पोचायला एक पाऊल जास्त लागतं, तोवर वाक्य संपलेलं असतं, आणि विनोद पडतो. दोष मात्र लेखकाला मिळतो.

प्रयोगानंतरचा अहवाल हा दिसायला सर्वांत रटाळ कागद. तिसरी घंटा कधी झाली, पडदा कधी उघडला, पहिला अंक किती मिनिटं, मध्यंतर, दुसरा अंक, काय चुकलं, काय तुटलं, कुणाला लागलं. पण एरवी ५८ मिनिटांचा पहिला अंक आज ६२ झाला तर ती ४ मिनिटं कुठे गेली, हे शोधायला बसा. टाळ्या जास्त झाल्या? नट विराम ताणतोय? वेशबदलाला उशीर? दहा प्रयोगांचे आकडे समोर ठेवलेत की नाटक कुठे सैल होतंय ते नेमकं दिसतं. अहवालात मतं नकोत. ‘अमुक कंटाळवाणा वाटला’ असं नाही, ‘प्रवेश ३, एरवीपेक्षा २ मिनिटं जास्त’ इतकंच.

अडकण्याचा धोका खोटा नाही, पण तो वेगळ्या कारणाने येतो: एकच काम इतकं चांगलं करू लागता की दुसऱ्या जागी तुम्हाला पाठवणं संस्थेला परवडत नाही. यासाठी फिरतीचं कलम घाला. दुसऱ्या नाटकाच्या वेळी निदान दोन आठवडे प्रकाशयोजनेकडे किंवा दिग्दर्शकाच्या टेबलाशी. प्रकाशाचं काम तुम्ही केलंय, तर तिथे डी.एम.एक्स.चे (बोर्डवरून दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या यंत्रणेचे) पत्ते लावायला शिका. एका ओळीत ५१२ चॅनेल असतात. ८ चॅनेल घेणारा दिवा १ वर लावला तर पुढचा ९ वर यायला हवा. तो चुकून ८ वर लागला की दोन दिवे एकमेकांत गुंततात आणि मग नवखा माणूस तासभर केबल तपासत बसतो.

अभिनयाबद्दल एक सावधगिरी. ब्रिटनच्या रेपर्टरी (एकाच नटसंचात एकामागून एक नाटकं करणाऱ्या) नाट्यगृहांमध्ये साहाय्यक स्टेज मॅनेजरने छोट्या भूमिकाही करायच्या, अशी पद्धत होती आणि त्या वाटेने अनेक नट घडले. त्यामुळे तुम्हाला ‘अंडरस्टडीही करा’, म्हणजे एखाद्या भूमिकेसाठी बदली नट म्हणून तयार राहा, असं कुणी सुचवेल, आणि मोह होईल. ज्या नाटकाची वही तुमच्या हातात आहे त्याच नाटकाची अंडरस्टडी घेऊ नका, निदान वहीवर दुसरं कुणी तयार असल्याशिवाय. नट आजारी पडला त्या रात्री दोन खुर्च्या एकदम रिकाम्या होतात. दुसऱ्या नाटकासाठी मात्र जरूर मागा.

वागण्याबाबत थोडंसं, कारण बहुतेक मेंटॉरशिपा कौशल्यापेक्षा यावरून बिघडतात. पहिले तीन आठवडे तालमीत प्रश्न विचारू नका. वहीत लिहा आणि त्या ४५ मिनिटांत त्यांतले तीनच न्या. सगळे नेलेत तर गप्पा होतात, तीन नेलेत तर उत्तरं मिळतात. नटाला अभिनयाची सूचना कधीच द्यायची नाही, तो स्वतः विंगेत ‘कसं झालं?’ विचारत आला तरीही. ‘दिग्दर्शकांना विचारू या’ इतकंच. तुमचं मत कदाचित बरोबरही असेल, पण एका नटाला दोन दिग्दर्शक झाले की तिसऱ्या दिवशी त्यातला धाकटा बाहेर जातो. घंटांच्या वेळा पाळा आणि त्या त्या संस्थेची पद्धत पहिल्याच दिवशी विचारून घ्या. ब्रिटिश पद्धतीत ‘हाफ’ची (अर्धा तास उरल्याची) हाक पडदा उघडायच्या ३० नाही, ३५ मिनिटं आधी देतात, कारण नट पडद्याच्या ५ मिनिटं आधी जागेवर हवेत. असल्या गोष्टी गृहीत धरल्या की पहिल्याच आठवड्यात शोभा होते.

आणि बिघडायला लागलं तर? नेहमीची घसरण अशी असते: तालमीतला माणूस हळूहळू निरोप्या होतो. सामान आणणं, फोन करणं, गाडीची व्यवस्था. थोडं सगळेच करतात, ते कमीपणाचं नाही. पण आठवड्याच्या वहीत रोज दोन ओळी लिहा: आज किती तास ठरलेलं काम, किती तास इतर. सलग दोन आठवडे इतर कामं निम्म्याहून जास्त झाली तर मेंटॉरशी बोला, आणि तक्रारीच्या सुरात नाही. ‘करारात प्रॉम्प्ट कॉपी माझ्याकडे आहे. गेले दोन आठवडे मी दर आठवड्याला २० पैकी १२ तास बाहेर होतो, त्यामुळे दुसऱ्या अंकाच्या हालचाली नोंदवायच्या राहिल्यात. सोमवारपासून त्या वेळी मला तालमीत ठेवता येईल का?’ नाटकाचं नुकसान दाखवलं की संस्था ऐकते. तुमचं नुकसान ऐकायला तिला वेळ नसतो. हे कटू असलं तरी तसंच आहे.

पुढच्या कामाची तयारी पाचव्या महिन्यात सुरू करा, सहावा संपल्यावर नाही. शिफारसपत्र तेव्हाच मागा, मेंटॉरच्या डोळ्यांसमोर तुमचं काम ताजं असताना, आणि त्यात काय यावं याची चार वाक्यांची टिपणी सोबत द्या: कोणती नाटकं, किती प्रयोग, किती क्यू तुम्ही स्वतः दिले. ‘मेहनती आणि होतकरू’ असं पत्र कुणी वाचत नाही. ‘१४० क्यूंचं नाटक १८ प्रयोग स्वतंत्रपणे चालवलं’ असं लिहिलेलं असेल तर फोन येतो. जमवायचे कागद असे: प्रॉम्प्ट कॉपीची दोन पानं (लेखकाची आणि संस्थेची लेखी परवानगी घेऊन), तुम्ही आखलेल्या जमिनीचा फोटो आणि शेजारी त्याच जागी उभ्या राहिलेल्या सेटचा, एक क्यू शीट, आणि नावं झाकलेला एक अहवाल. अभिनयाच्या फोटोंच्या अल्बमपेक्षा हे चार कागद पुढच्या निर्मात्याला जास्त सांगतात. ओळखी मात्र नटांइतक्याच प्रकाशवाल्यांशी, सेट लावणाऱ्यांशी आणि कपडेपटाशी ठेवा. ‘उद्यापासून एक माणूस हवाय’ हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं.

फी घेणाऱ्या दिग्दर्शकांची संधी कायमची सोडू नका. वर्षभराने, चालवलेली दोन नाटकं गाठीशी असताना, त्यांच्याकडे गेलात तर काय बघायचं ते तुम्हाला कळलेलं असेल. तेव्हाही आधी दोन गोष्टी विचारा: एका वेळी किती जण असतात, आणि माझ्या कामावर दिग्दर्शक स्वतः किती तास बोलणार. बाराहून जास्त माणसं आणि उत्तर ‘ते असतीलच ना’ असं असेल, तर तेवढ्या फीत तुम्ही त्यांची नाटकं वर्षभर तिकीट काढून बघू शकता.

संस्थेला आजच लिहा. एवढं पुरे: ‘काम करायला मला आनंद होईल. सही करण्याआधी पाच गोष्टी करारात हव्यात: मेंटॉरचं आणि बदली मेंटॉरचं नाव व आठवड्याला ४५ मिनिटं; मानधन दरमहा व नाटक थांबल्यास एक महिन्याचं मानधन; ठरलेल्या तासांवरच्या वेळेचे पैसे किंवा भरपाईची सुटी; “साहाय्यक स्टेज मॅनेजर” हे श्रेय; आणि तक्रारीसाठी मेंटॉरव्यतिरिक्त एक व्यक्ती.’ फोनवर ‘हो हो, ते सगळं होईलच’ असं म्हणाले तर आभार माना आणि तेच ईमेलने मागा. ते हाती आलं की मगच दुसरीकडे नकार कळवा.